त्रेपन्नाव्या वर्षी सायकलवर : फ्रान्सिस विलर्ड

बाईने सायकल शिकायची ती शाळकरी वयात. एकदा संसाराला लागली की ती हौस माळ्यावर टाकून द्यायची, असा आपल्याकडे एक समज आहे. मंडळातल्या किती तरी भगिनी हसतहसत हेच सांगतात. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मुद्दाम अशा एका बाईंचे चरित्र निवडले आहे, की ज्यांनी सायकलची मूठ प्रथम धरली ती पन्नाशी उलटून तीन वर्षे झाल्यावर. आणि त्या काही रिकामटेकड्या हौशी बाई नव्हत्या. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या एका प्रचंड संस्थेच्या त्या अध्यक्षा होत्या.

फ्रान्सिस विलर्ड यांचा जन्म २८ सप्टेंबर १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या चर्चव्हिल या लहानशा गावी झाला. १८४६ साली त्यांचे आईवडील विस्कॉन्सिनमध्ये जेन्सव्हिलजवळ शेती करण्यासाठी गेले. मोठा भाऊ ऑलिव्हर आणि धाकटी बहीण मेरी यांच्या संगतीत फ्रान्सिस तिथे रानोमाळ हिंडत वाढल्या. झाडावर चढावे, सुतारकाम करावे, असे सारे मुलग्यांचे उद्योग. घरात त्यांना हाकही मारीत ती 'फ्रँक' या पुरुषी नावाने. पण सोळावे वर्ष लागले आणि सगळे एकाएकी बंद झाले. पायघोळ झगा आला, कंबर आवळणारी काचोळी आली, उंच टाचांचे बूट आले आणि मोकळ्या केसांत काटे खुपसले गेले. त्या दिवशीचे दुःख त्या चाळीस वर्षांनीही विसरल्या नव्हत्या. 'आता तू मोठी झालीस' हे वाक्य कानांवर पडले आणि अंगणातला खेळ संपला, असा दिवस आपल्यापैकीही पुष्कळजणींनी पाहिला असेल!

पुढे हे कुटुंब शिकागोजवळच्या एव्हनस्टन गावी आले. १८५९ मध्ये फ्रान्सिसबाईंचे शिक्षण पुरे झाले आणि त्या शिक्षिका झाल्या. १८६२ मध्ये लाडकी बहीण मेरी क्षयाने गेली. तिच्या आठवणींचे एक पुस्तक बाईंनी लिहिले. १८६८ ते १८७० या काळात मैत्रिणीबरोबर युरोप व पूर्वेकडील देश हिंडून झाले. १८७१ साली एव्हनस्टनच्या मुलींच्या कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. पण ते कॉलेज विद्यापीठात विलीन झाले, आणि विद्यापीठाचे प्रमुख म्हणून आले ते नेमके तेच गृहस्थ, ज्यांच्याशी बाईंचे लग्न ठरून मोडले होते. मुलींच्या व्यवस्थेवरून मतभेद विकोपाला गेले आणि १८७४ मध्ये बाईंनी राजीनामा दिला. हातची नोकरी गेली, पण त्याच वर्षी स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघाची स्थापना झाली आणि बाई त्याच्या चिटणीस झाल्या. १८७९ मध्ये त्या अध्यक्षा झाल्या आणि मरेपर्यंत त्या जागेवर राहिल्या.

दारूड्या नवऱ्याच्या घरातली बाई म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. विलर्डबाईंनी मात्र नुसती दारूबंदीच मागितली नाही. घराचे रक्षण करायचे तर बाईला मताचा अधिकार हवा, मजुरांना कामाचे तास कमी हवेत, लहान मुलांसाठी बालवाड्या हव्यात, असे करीत करीत त्यांनी संघाचे काम दशदिशांना पसरवले. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांचा या बाईंशी परिचय झाला होता आणि संघाच्या कार्याबद्दल रमाबाईंनी १८८९ साली आपल्या अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात आस्थेने लिहिले आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर चरित्र अपुरे राहील. १८९० मध्ये एका मुलाखतीत विलर्डबाईंनी दक्षिणेकडील काळ्या लोकांबद्दल अतिशय अन्यायाचे उद्गार काढले. आयडा वेल्स या निर्भीड काळ्या लेखिकेने ते १८९४ मध्ये इंग्लंडात उघडकीला आणले आणि बाईंना त्याचा जाब विचारला. बाईंनी दिलेली उत्तरे समाधानकारक नव्हती. थोरांचे पायही मातीचेच असतात.

१८९२ मध्ये बाईंची आई वारली. आयुष्यभर आईच्या आधाराने उभ्या राहिलेल्या बाई पुरत्या खचल्या; प्रकृती ढासळली. वीस वर्षांची अखंड धावपळ अंगावर आली. त्या इंग्लंडला लेडी हेन्री सॉमरसेट या मैत्रिणीकडे विश्रांतीला गेल्या. डॉक्टरांनी मोकळ्या हवेतला व्यायाम सांगितला आणि लेडी सॉमरसेटने भेट दिली एक सायकल. बाईंनी तिचे नाव ठेवले 'ग्लॅडिस'.

काळ लक्षात घेतला पाहिजे. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे एक टिचकीएवढे. तिच्यावरून पडले तर डोकेच फुटायचे. १८८५ मध्ये इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सुरक्षित सायकल बाजारात आली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. तेव्हा कुठे ती बायकांच्या आवाक्यात आली. तरीही, बाई सायकलवर बसली की लोक टकमक पाहत. तिची प्रकृती बिघडेल, चेहरा वेडावाकडा होईल, इथपासून ती कुलीन राहणार नाही, इथपर्यंत बोलत.

बाईंनी शिकायला सुरुवात केली ती बेतानेच. आधी तीन धट्टेकट्टे तरुण सायकल धरून उभे राहिले, तेव्हा कुठे त्या भीतभीत वर बसल्या. मग दोघे धरणारे, मग एक. रोज दहा-पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने हा सराव चालला. तोल जाण्याचे कारण पाय नव्हे, मन आहे, हे त्यांच्या चटकन लक्षात आले. नजर पुढच्या चाकावर खिळली की सायकल डगमगते. दूर पाहिले की सरळ जाते. वीस जानेवारीला त्या जवळ कोणीही नसताना एकट्या चढल्या आणि एकट्या निघाल्या. तो दिवस त्यांनी आयुष्यातला मोठा दिवस मानला. आपण भाषणे ठोकली, अध्यक्षपदे भूषवली, त्यात ही गोष्ट मोठी कशी, असे कोणाला वाटेल. पण सोळाव्या वर्षी अडखळलेले पाय पुन्हा मोकळे झाले होते, हे ध्यानात घ्या.

पोशाखही त्यांनी विचारपूर्वक ठरवला. पुरुषी विजार घालून कोणाशी भांडण ओढवून घेतले नाही. झगा जमिनीपासून सुमारे तीन इंच वर, कंबरेला पट्टा, साधी गवती टोपी आणि चालायचे बूट, इतकेच. परंतु आवळलेल्या काचोळीत सायकल चालत नाही, हे चारचौघींना नुसते दिसले तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. शंभर व्याख्यानांनी जे होत नव्हते ते चाकाने होत होते.

आणखीही एक हिशेब त्यांनी मांडला होता. घोडागाडी ठेवायची तर तबेला हवा, मोतद्दार हवा, चंदी हवी. ती श्रीमंतांची चैन. शहरातल्या कारकुनाला, शिक्षिकेला, कामगार मुलीला स्वतःचे वाहन असे प्रथम मिळाले ते सायकलचेच. ज्या तरुणांची संध्याकाळ दारूच्या गुत्त्यात जात असे, ते चाकावर बसून बाहेर मोकळ्या हवेत जाऊ लागले, म्हणून सायकल ही आपल्या संघाची मोठी साथीदार आहे, असे बाईंचे मत होते. अमेरिकेत चांगल्या सडकांची मागणी मोटारी येण्याआधी प्रथम हिरिरीने केली तीही सायकलवाल्यांनीच.

आपला सगळा अनुभव बाईंनी १८९५ मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिला. पुढे प्रकृतीने साथ दिली नाही. १७ फेब्रुवारी १८९८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क राज्यघटनेने मिळाला तो १९२० मध्ये. वॉशिंग्टनच्या संसद भवनातल्या पुतळ्यांच्या दालनात १९०५ मध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसवला. त्या दालनात स्त्रीचा पुतळा येण्याची ती पहिलीच वेळ. एव्हनस्टनचे त्यांचे घर वस्तुसंग्रहालय म्हणून जपले आहे, आणि 'ग्लॅडिस' तिथेच आहे.