रुग्णशय्येवरील पास्कल

पास्कलचें नांव आम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. द्रवपदार्थांतील दाबाचा नियम पाठ करतांना आम्ही तें घेतों, व दाब मोजण्याच्या एककासही त्याचेंच नांव आहे. परंतु हा शास्त्रज्ञ जन्मभर दुखणाईत होता, आणि त्या दुखण्यांत तो जें शिकला तें त्याच्या गणिताहूनही मोलाचें होतें, हें आमच्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

ब्लेझ पास्कलचा जन्म फ्रान्समधील क्लेर्माँ येथें १९ जून १६२३ रोजीं झाला. तीन वर्षांचा असतांनाच तो मातृसुखास अंतरला. वडील विद्वान होते; मुलाचें शिक्षण त्यांनीं स्वतःकडेच ठेविलें. सोळाव्या वर्षीं त्यानें भूमितीवर लिहिलेला निबंध इतक्या लहान मुलाचा असेल, हें देकार्तसारख्या पंडितासही खरें वाटेना. पुढें वडिलांकडे करवसुलीचें काम आलें, तेव्हां त्यांचे आंकडेमोडीचे श्रम हलके व्हावे म्हणून १६४२ च्या सुमारास त्यानें हिशेबाचें यंत्र रचण्यास आरंभ केला. १६४८ सालीं त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी प्वी द दोम डोंगरावर नेली, आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हें सिद्ध झालें.

परंतु ह्या कीर्तीबरोबर वेदनाही वाढत होत्या. अठराव्या वर्षापासून आपला एकही दिवस वेदनेवांचून गेला नाहीं, असें तो सांगत असे. एके काळीं पायांतील शक्ति जाऊन त्यास कुबड्या घ्याव्या लागल्या. पेय पदार्थ ऊन करून थेंबथेंब घ्यावे लागत. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं त्यास ईश्वराच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला. त्याची नोंद त्यानें आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविली. ती त्याच्या मृत्यूनंतरच इतरांच्या दृष्टीस पडली.

१६५९ पासून प्रकृति पार ढासळली. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ योजिलेला त्याचा मोठा ग्रंथ अपुराच राहिला. आजाराचा सदुपयोग आपल्या हातून व्हावा, यासाठीं त्यानें एक प्रार्थना रचिली आहे. तींत तो आरोग्य मागत नाहीं, मरणही मागत नाहीं. आपल्या हिताचें काय हें प्रभूच जाणतो, असें म्हणून तो सर्व त्याच्या हातीं सोंपवितो. धडधाकट असतांना आपण देवास विसरलों, ही कबुली तो देतो, आणि आपल्या वेदना ख्रिस्ताच्या वेदनांशीं जोडल्या जाव्या एवढेंच मागतो.

हे केवळ शब्द होते काय? १६६२ सालचा त्याचा शेवटचा उन्हाळा ह्याचें उत्तर देतो. त्यानें एका गरीब कुटुंबास आपल्या घरीं आश्रय दिला होता. त्यांतील मुलास देवी आल्या. पास्कलची बहीण त्याच्या शुश्रूषेस येत असे. तिच्या मुलांना संसर्ग होण्याचें भय होतें. आजारी मुलास दुसरीकडे हलविणें सोपें होतें. पण त्या मुलास हलविण्यांत धोका अधिक आहे असें म्हणून २९ जून रोजीं तो स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. आपली एवढी सेवा होत असतां अनेक गरीब रोगी निराधार पडले आहेत, ही गोष्ट त्यास टोंचूं लागली. एखादा गरीब रोगी आणून त्याचीही आपल्यासारखीच शुश्रूषा करावी, असें त्यानें सुचविलें. तें जमेना, तेव्हां आपणास असाध्य रोग्यांच्या रुग्णालयांत न्यावें, गरिबांच्या संगतींत मरूं द्यावें, अशी त्यानें विनंती केली. वैद्यांनीं ती मानली नाहीं. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला.

विद्यार्थीमित्रहो, दुखणें आलें म्हणजे औषध टाळावें असा ह्या चरित्राचा अर्थ नव्हे. पास्कलही कडू औषधें तक्रार न करतां घेई. पण अंथरुणावर पडलों म्हणजे आम्हांस आपल्या दुःखापलीकडे जग दिसेनासें होतें. आमच्यापैकीं कोणाच्या घरीं आज कोणी खाटेवर असेल, कोणी स्वतःच असेल. त्यांनीं एवढेंच आठवावें कीं, पास्कलच्या वेदनांनीं त्याची दृष्टि अंधुक केली नाहीं. शेजारच्या खाटेवरील मनुष्य त्यास अधिक स्पष्ट दिसूं लागला. ख्रिस्ताच्या क्रूसाजवळ शिकलेला धडा तो हाच.