इंजिनिअर व्हायला निघालेली मारिया

मॉन्टेसरी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गल्लीतली बालवाडी, भिंतीवरचा मिकी माउस आणि गळा काढून रडणारी पोरं! पण जिच्या आडनावावरून हे नाव पडलं ती मारिया मॉन्टेसरी मुळात आपल्याच लाइनची, हे फार जणांना माहीत नसतं.

तिचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाले गावचा. १८८३ मध्ये तिने रोमच्या टेक्निकल स्कूलमध्ये ॲडमिशन घेतली, कारण पोरीला इंजिनिअर व्हायचं होतं! शाळा जवळजवळ सगळी मुलांचीच. (आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात आजही फार वेगळं चित्र नाही.) पुढे विचार बदलला आणि ती मेडिकलला गेली. मुलांच्या बरोबरीने मुलीने शवविच्छेदन करणं तेव्हा बरं दिसत नसे. म्हणून बाकीचे गेल्यावर तिला एकटीनेच प्रेतासमोर उभं राहावं लागे. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली.

१८९८ मध्ये तिला मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. बाळ खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला दिलं गेलं आणि किशोरवयात आईकडे आलं. तेव्हाही चारचौघांत तिला त्याला मुलगा म्हणता येत नव्हतं. जगभरच्या पोरांसाठी राबलेली बाई ही!

६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बाईंनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. (आता ‘बाई’च म्हणायला हवं.) घरमालकांचा हेतू फार थोर नव्हता. आईबाप कामावर गेले की पोरं भिंती खराब करतात, त्यांना कुठेतरी गुंतवा, एवढंच! बाईंनी तिथे लाकडी साधनं आणली. आधी त्यांनी अशी साधनं अशा मुलांबरोबर वापरली होती, जी शिकूच शकणार नाहीत असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. आता काय चालतं नि काय नाही ते पोरांकडे बघून ठरायचं. ज्याला पोरं हात लावत नसत ते बाद. आपल्या भाषेत, प्रोटोटाइप टेस्टिंग!

माझ्या मते बाईंनी इंजिनिअरिंग सोडलंच नाही. त्यांचा दंडगोलांचा ठोकळा घ्या. दहा भोकं, दहा दंडगोल, प्रत्येकाचं माप वेगळं. एक जरी चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक उरतोच, बसत नाही. टीचरने ओरडायची गरजच नाही. पोरगं स्वतःच मागे जातं, कुठे गडबड झाली ते शोधतं, पुन्हा लावतं. फीडबॅक म्हणतात तो हाच की! गुलाबी मनोऱ्याचे दहा घन १ ते १० सेंटीमीटरचे, पण रंग एकच. म्हणजे बाकी सगळं स्थिर ठेवून फक्त आकार बदलायचा. लॅबमध्ये आपल्याला हेच शिकवतात, फक्त पंधरा वर्षं उशिरा. (अ + ब) चा घनसुद्धा त्यांच्याकडे आठ रंगीत तुकड्यांचं कोडं आहे. सूत्र नंतर येतं, आधी हाताला कळतं.

एकदा बाईंच्या शाळेत कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. पोरांनी आपापली साधनं काढली आणि निमूट कामाला लागली. झालं, बाईंनी पोरांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं करून घेतली. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेही गुलाबी मनोरा होता. काचेच्या कपाटात, कुलपात! इन्स्पेक्शनच्या दिवशी पुसला जायचा.

१९३९ मध्ये बाई मारिओसह मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांना ट्रेनिंग द्यायला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन म्हणून दोघं शत्रू ठरले. मारिओला पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं! बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने त्याला सोडलं आणि तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच केला. त्या १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या पद्धतीने काम करणाऱ्या आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं. महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग आसपास मिळेल त्यातूनच त्यांनी साधनं केली. हीसुद्धा इंजिनिअरिंगच!

बाई ६ मे १९५२ ला हॉलंडमध्ये गेल्या. मारिओ जवळच होता. आईचं काम त्याने १९८२ मध्ये मरेपर्यंत सांभाळलं.