पॉल द विवी (वेलोसियो)

पॉल द विवी (जन्म : २९ एप्रिल १८५३, पेर्न, फ्रान्स, मृत्यू : १९३०, सेंत-एत्येन, फ्रान्स) हे फ्रेंच संपादक, सायकल-उत्पादक आणि सायकलप्रवासी होते. 'वेलोसियो' या टोपणनावाने ते अधिक ओळखले जातात. फ्रान्समध्ये त्यांना सायकल-पर्यटनाचे जनक मानले जाते. सायकल म्हणजे शर्यतीचे वाहन, असा समज दृढ होत असताना त्यांनी तिच्याकडे दूरच्या, शांत आणि स्वावलंबी प्रवासाचे साधन म्हणून पाहिले. सायकलला एकाहून अधिक गिअर असावेत, यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा काळ प्रयोग व प्रचार केला.

पूर्वायुष्य

विवी यांचा जन्म दक्षिण फ्रान्सच्या प्रॉव्हांस प्रांतातील पेर्न या लहान गावी झाला. हे गाव आज पेर्न-ले-फोंतेन या नावाने ओळखले जाते. तरुणपणी ते रेशमाच्या व्यवसायात शिरले आणि तिशी गाठण्यापूर्वीच त्यांचा स्वतःचा व्यापार उभा राहिला. त्यांचे पुढचे आयुष्य सेंत-एत्येन या औद्योगिक शहरात गेले. कोळशाच्या खाणी, शस्त्रनिर्मिती आणि रेशमी फिती यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सायकल उद्योगाचेही प्रमुख केंद्र बनले. धातुकामात निष्णात असलेल्या तेथील कारागिरांना नव्या वाहनाचे सुटे भाग घडवणे अवघड गेले नाही.

विवी यांनी १८८१ च्या सुमारास पहिली सायकल घेतली. ती त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पुढचे चाक मोठे आणि मागचे लहान असलेली, उंच बैठकीची होती. तिच्यावर चढणे-उतरणे कौशल्याचे होते आणि तोल गेल्यास स्वार डोक्यावर आपटण्याचा धोका असे. तरीही या वाहनाने त्यांना असे वेड लावले, की अवघ्या काही वर्षांत त्यांनी रेशमाचा व्यापार सोडून दिला. सेंत-एत्येनमध्ये सायकलस्वारांचा क्लब स्थापन करण्यातही त्यांचा सहभाग होता.

दुकान, नियतकालिक आणि कारखाना

१८८७ हे वर्ष विवी यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी त्यांनी सेंत-एत्येनमध्ये सायकलींचे दुकान काढले आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथून सायकली मागवून विकण्यास आरंभ केला. त्याच वर्षी त्यांनी एक नियतकालिकही सुरू केले. ते पुढे 'ल सिक्लिस्त' (सायकलस्वार) या नावाने सर्वत्र परिचित झाले. वेलोसियो हे नाव याच नियतकालिकातील लेखनामुळे वाचकांच्या ओठी रुळले. १८८९ मध्ये त्यांनी स्वतःची पहिली सायकल बाजारात आणली आणि तिला 'ला गोल्वाज' असे नाव दिले.

'ल सिक्लिस्त'मध्ये शर्यतींच्या निकालांपेक्षा प्रवासवर्णने, रस्त्यांची माहिती आणि यंत्रविषयक चर्चा यांना अधिक स्थान असे. नवा सुटा भाग हाती आला, की विवी तो स्वतःच्या सायकलला बसवत, शेकडो किलोमीटर चालवून पाहत आणि मगच त्याविषयी लिहीत. वाचकही आपले अनुभव कळवत. या देवाणघेवाणीतून त्यांच्याभोवती प्रयोगशील प्रवाशांचा एक गट तयार झाला. हा गट 'सेंत-एत्येन संप्रदाय' म्हणून ओळखला गेला.

गिअरचा प्रश्न

त्या काळच्या सायकलला एकच गिअर असे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाणार, हे एकदाच ठरत असे. ते अंतर जास्त ठेवल्यास सपाटीवर वेग मिळे, पण घाट चढताना स्वाराला उतरून सायकल ढकलावी लागे. अंतर कमी ठेवल्यास चढ सोपा होई, पण सपाटीवर व उतारावर पाय व्यर्थ भराभर फिरत राहत. सेंत-एत्येन हे शहर डोंगरांनी वेढलेले असल्याने ही अडचण तेथील स्वारांना रोज जाणवे.

शहराच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीवर रेपुब्लिक खिंड आहे. या खिंडीच्या चढावर पाइप ओढत निघालेला एक तरुण वाचक विवी यांना सहज मागे टाकून गेला आणि त्यातूनच त्यांना गिअरचा ध्यास लागला, अशी कथा सांगितली जाते. त्यांनी आरंभी पुढच्या बाजूस लहान-मोठी दोन दातेरी चाके बसवली. चढ आला की खाली उतरून साखळी हाताने एका चाकावरून दुसऱ्या चाकावर घ्यावी लागे. ही पद्धत ओबडधोबड होती, पण तिने मूळ कल्पना सिद्ध केली. सायकल चालू असतानाच साखळी एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकवणाऱ्या 'डिरेल्युअर' यंत्रणेचा त्यांनी पुढे हिरिरीने पुरस्कार केला.

१९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पर्यटनासाठीच्या सायकलींची चाचणी घेतली. तिच्यात पिरेनीज पर्वतातील तुर्माले खिंडीचा समावेश होता. मार्त हेस या महिलेने तीन गिअर असलेली 'गोल्वाज' चालवून या चाचणीत लक्ष वेधून घेतले. यंत्राची योग्य साथ असेल तर मोठा घाट चढण्यासाठी व्यावसायिक शर्यतपटूचे बळ लागत नाही, हे तिच्या कामगिरीने दिसून आले.

शर्यत आणि प्रवास

ही गोष्ट सर्वांना रुचली नाही. 'लोतो' या क्रीडा दैनिकाचे संपादक आणि टूर द फ्रान्स शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज हे बदलत्या गिअरचे कट्टर विरोधक होते. विजय स्नायूंच्या बळावर मिळवावा आणि गिअरचे साहाय्य वय झालेल्यांनी घ्यावे, अशी त्यांची भूमिका होती. १९०३ मध्ये टूर द फ्रान्सची पहिली शर्यत रेपुब्लिक खिंडीतूनच गेली. ज्या रस्त्यावर विवी गिअरचे प्रयोग करत होते, त्याच रस्त्यावरून शर्यतपटू एकाच गिअरवर झुंजत वर चढले. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, म्हणजे विवी यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

हा वाद केवळ यंत्राचा नव्हता. सायकल कोणासाठी आहे, हा त्यामागील खरा प्रश्न होता. विवी यांच्या दृष्टीने ती निवडक बलवानांची मिरास नव्हती. स्त्रिया, प्रौढ आणि सामान्य प्रकृतीची माणसे यांनाही स्वतःच्या बळावर देश पाहता यावा, असा त्यांचा आग्रह होता. सायकल-पर्यटनासाठी रूढ झालेल्या फ्रेंच शब्दाचे श्रेयही सामान्यतः त्यांनाच दिले जाते.

प्रवासाची पद्धत

विवी शाकाहारी होते आणि त्यांची राहणी साधी होती. एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेचेही ते पुरस्कर्ते होते. दीर्घ प्रवासासाठी त्यांनी सात नियम घालून दिले. प्रवासातील थांबे मोजके व थोड्या वेळाचे असावेत. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे आणि तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. अंगातील त्राण संपेपर्यंत स्वतःला कधी ताणू नये. घाम येण्याआधी कपडे कमी करावेत आणि थंडी वाजण्याआधी चढवावेत. निदान प्रवासात तरी मांस, मद्य व तंबाखू वर्ज्य करावीत. आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी, अहंकारापोटी सायकल हाकू नये, असा त्यांचा आशय आहे. लांब पल्ल्याचे स्वार आजही या नियमांचा आधार घेतात.

कच्च्या रस्त्यांवर रुंद व लवचीक टायर अधिक सुखावह असतात, असे त्यांचे मत होते. आपल्या आवडत्या प्रवासांपैकी काही ते रात्रभर सायकल चालवून करत. ईस्टरच्या सुटीत सोबत्यांसह प्रॉव्हांसला जाण्याची प्रथा त्यांनी पाडली. सेंत-एत्येन हे ल्वार नदीच्या खोऱ्यात आहे. रेपुब्लिक खिंड ओलांडली, की पलीकडचे पाणी रोन नदीला मिळते. खिंड उतरून रोनच्या काठाने दक्षिणेकडे जाताना डोंगराळ, थंड प्रदेश मागे पडतो आणि द्राक्षमळे व ऑलिव्हची झाडे दिसू लागतात. उत्तरेकडून वाहणारा मिस्त्राल वारा जाताना पाठीशी असतो. परतीच्या वाटेवर मात्र तोच स्वाराची परीक्षा पाहतो. विवी यांच्यासाठी ही वाट जन्मभूमीकडे जाणारीही होती.

मृत्यू

विवी यांच्या उमेदीच्या काळात गावाबाहेरच्या रस्त्यांवर मुख्यतः बैलगाड्या, घोडागाड्या व पादचारी असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हे चित्र पालटले आणि रस्ता मोटारींचा झाला. १९३० च्या हिवाळ्यात सेंत-एत्येनमध्ये सायकल हाती धरून रस्ता ओलांडताना समोरून आलेली मोटार टाळण्यासाठी विवी मागे सरले आणि ट्रामची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते.

वारसा

विवी यांच्या हयातीतच, १९२२ पासून, त्यांच्या सन्मानार्थ सेंत-एत्येनहून रेपुब्लिक खिंडीपर्यंत सायकलने चढण्याचा वार्षिक उपक्रम सुरू झाला. तेथे त्यांचे स्मारकही आहे. १९२३ मध्ये फ्रान्समध्ये सायकल-पर्यटन संस्थांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. 'ल सिक्लिस्त' हे नियतकालिक त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे निघत राहिले. एकाहून अधिक गिअर असलेली सायकल तर आज जगभर रूढ आहे.

ज्या रस्त्यांवरून विवी निर्धास्त फिरले, त्यांपैकी अनेकांवर पुढे वाहनांची गर्दी झाली. रोनच्या डाव्या तीरावरील मुख्य मार्ग सातव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून प्रसिद्ध झाला आणि सुटीतील मोटारींच्या रांगांसाठी तो ओळखला जाऊ लागला. त्यामुळे सायकलप्रवाशांसाठी स्वतंत्र वाटांची गरज निर्माण झाली. जुन्या कालव्यांच्या काठी बोटी ओढण्यासाठी केलेल्या वाटा, नद्यांचे बांध आणि बंद पडलेले रेल्वेमार्ग यांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नसल्याने रेल्वेमार्गांचा चढ मुळातच सौम्य असतो. म्हणून असे मार्ग मुले, वृद्ध व नवशिके यांना विशेष सोयीचे ठरतात. मोटारींना बंदी असलेल्या अशा वाटांना फ्रान्समध्ये 'हरित मार्ग' म्हणतात आणि २००४ पासून तेथील वाहतूक नियमांत त्यांना स्वतंत्र स्थान आहे.

जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत रोन नदीच्या साथीने जाणारा व्हिया रोना हा सुमारे ८१५ किलोमीटरचा सायकलमार्ग विवी यांच्या परिचयाच्या खोऱ्यातूनच जातो. त्याचे काही भाग पूर्णतः वाहनमुक्त असून काही भाग कमी रहदारीच्या ग्रामीण रस्त्यांवर आहेत. ल्वार व रोन या नद्यांची खोरी जोडणारा व्हिया फ्लुव्हिया हा मार्ग मुख्यतः जुन्या रेल्वेमार्गावर विकसित केला जात आहे. विवी यांच्या जन्मगावीही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर व्हिया व्हेनेसिया हा हरित मार्ग झाला असून त्यावरून सायकलस्वारांना मोटारींचे भय न बाळगता पेर्न-ले-फोंतेन गाठता येते.