सूर्यफुलाचे वजन करणारा धर्मगुरू

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, तर इंग्लंडमधील एका खेड्यातले धर्मगुरू होते. झाड किती पाणी पिते आणि ते जाते कुठे, याचा चोख हिशेबही त्यांनीच मांडला. त्यांचे नाव स्टीफन हेल्स.

जन्म १६७७ चा, केंट परगण्यातला. केंब्रिजमध्ये शिकून १७०९ मध्ये ते थेम्सकाठच्या टेडिंग्टन गावी चर्चचे काम पाहू लागले. तिथे त्यांनी घोडीच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसवून तिला लांब काचनळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढले. पण अशा प्रयोगांत जनावरे दगावत. चिरफाडीचा उबग येऊन हेल्स यांनी ते काम काही वर्षे बाजूला ठेवले.

पुढची वाट दाखवली एका द्राक्षवेलीने. छाटलेल्या खोडातून रस वाहू लागला, तो थांबावा म्हणून त्यांनी टोकावर प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी बांधली. ती रसाने टम्म फुगली. रसालाही दाब असतो! मग झाडाला हृदय असते का? हार्वे यांनी रक्ताभिसरण दाखवून दिल्यापासून झाडातला रसही तसाच गोल फिरतो, असे अनेक विद्वान मानत होते.

हेल्स यांनी तराजू काढला. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पातळ पत्र्याने झाकून फटी बुजवल्या. म्हणजे पाणी गेले, तर झाडातूनच जाणार. सकाळ-संध्याकाळ वजने घेतली. दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उडून जात होते. रात्री ते अगदी कमी होई. दव पडले तर वजन उलट वाढे. पाने काढलेल्या फांद्या पाण्यात ठेवल्या, तर त्या पानांच्या फांद्यांपेक्षा फारच कमी पाणी ओढत.

निष्कर्ष स्पष्ट होता. रस गोल फिरत नाही; तो वर चढतो आणि त्यातले बहुतेक पाणी पानांतून बाहेर पडते. १७२७ मध्ये त्यांनी हे ग्रंथरूपाने मांडले. आज याला आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. पर्णरंध्रांतून वाफ गेली की मागचे पाणी ओढले जाते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्याने ही ओढ जलवाहिन्यांतून थेट मुळांपर्यंत पोहोचते. हृदयाची गरजच नाही, ऊर्जा उन्हाची.

पुढे हेल्स यांनी जहाजे आणि तुरुंगांतील कोंदट हवा बाहेर काढणारे भाते तयार केले, दारूच्या व्यसनाविरुद्ध लिहिले. १७६१ मध्ये टेडिंग्टनलाच त्यांचे निधन झाले.

त्यांची रीत मात्र आजही रुग्णालयात चालते. रुग्ण किती पाणी प्यायला, लघवी किती झाली, याची नोंद आम्ही ठेवतो. पण त्वचेतून आणि श्वासातून जाणारे पाणी कोणत्याच भांड्यात मोजता येत नाही. म्हणूनच हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले, तर ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. अशा वेळी सूज दिसण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना कळवा.