चार खेपा

धर्मानंद कोसंबी घर सोडून गेले ते एकदाच, आणि परतले ते बौद्ध पंडित होऊनच, असं आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात असतं. सातवीत आपल्या मराठीच्या सरांनी एका ऑफ तासाला त्यांची गोष्ट सांगितली होती. त्यात सांखवाळचा एक मुलगा होता, बुद्धाचं वेड होतं आणि मग अमेरिका होती. तास संपला आणि गोष्टही संपली. पुढचं सगळं मी फार उशिरा वाचलं, आणि तेव्हा लक्षात आलं की हा माणूस एकदा नाही, पुन्हा पुन्हा निघाला. नुसत्या हार्वर्डलाच त्याच्या चार खेपा झाल्या. स्मरणिकेच्या समितीने माझ्याकडे ‘परदेशातील अनुभव’ मागितले होते. माझ्या अनुभवांत बर्फ, पेपर तपासणं आणि विमानाची तिकिटं यापलीकडे फारसं काही नाही. म्हणून हे कोसंबींचं लिहिते आहे. ते आपल्याच तालुक्याचे.

जन्म सांखवाळचा, ९ ऑक्टोबर १८७६. घरची नारळाची बाग, वडील दामोदर, मुलगा प्रकृतीने किरकोळ. गावच्या मराठी शाळेत जे आणि जितकं शिकता आलं तितकंच शिक्षण. पंधराव्या वर्षी लग्न झालं. बाळाबाई लाडांच्या घरातल्या. बागेची कामं, तुकारामाची गाथा आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक, असं त्यांचं तरुणपण गेलं. अशातच ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं छोटंसं चरित्र वाचायला मिळालं. ते मासिक मिशनऱ्यांनी काढलेलं, ही गंमत मला नेहमी वाटते. मुलांना बायबलाकडे वळवण्यासाठी चालवलेल्या मासिकातून एक माणूस बुद्धाकडे गेला!

१८९९च्या अखेरीस त्यांनी गाव सोडलं. थोरली मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं, तुम्हीही दोनदा वाचा. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, मग ग्वाल्हेर, काशी. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत असेल म्हणून तिथे गेले आणि निराश होऊन बोधगयेला आले. शेवटी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकायला मिळाली. १९०२ साली चीवर घेतलं. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. सिंहली आणि ब्रह्मी या दोन्ही लिप्यांतली पाली हस्तलिखितं ते वाचू लागले ते याच वर्षांत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच चाललं.

१९०६मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्याला गृहस्थ म्हणून आले. नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात पाली शिकवू लागले. जवळजवळ सात वर्षांनी घरच्यांची भेट झाली आणि संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली दामोदर जन्मला, पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला डी. डी. कोसंबी. आज गोव्यात कोसंबी म्हटलं की लोक मुलाचं नाव घेतात, त्याच्या नावाने व्याख्यानं होतात. बापाचं नाव मागे राहिलं. त्याची मला थोडी खंत आहे.

कलकत्त्याला पगार बरा होता. पण शिकलेलं आपल्या माणसांत, मराठीत पोहोचावं ही ओढ होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, महाराष्ट्रात कुठेही राहा आणि काम करा म्हणून. कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडून ते पन्नास रुपये घेतले. म्हणजे परतायचं ते इथे, हा विचार त्यांच्याकडे पक्का होता. आणि तो पक्का असतानाच ते पुन्हा निघाले.

कारण एक पुस्तक. बुद्धघोषाने पाचव्या शतकात लंकेत लिहिलेला ‘विशुद्धिमार्ग’. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने बौद्ध साधनेचा सगळा मार्ग सांगणारा तेवीस प्रकरणांचा ग्रंथ. हार्वर्डच्या हेन्री क्लार्क वॉरन या पाली पंडिताने त्याचं संपादन हाती घेतलं होतं, पण तो १८९९मध्ये वारला (योगायोग असा की कोसंबींनी घर सोडलं ते हेच वर्ष). काम अर्धवट पडलं होतं. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची कलकत्त्याला कोसंबींशी ओळख झाली होती. त्यांच्यामुळे बोलावणं आलं आणि १९१० साली कोसंबी बोस्टनला पोहोचले. तिथे संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन हार्वर्ड ओरिएंटल सीरीज चालवत. त्यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. एकेक वाक्य घ्यायचं, ब्रह्मी पोथीत काय आहे, सिंहली पोथीत काय आहे ते ताडून पाहायचं, कुठला पाठ खरा ते ठरवायचं. बुद्धघोषाने मूळ त्रिपिटकातून घेतलेली वचनं कुठली, ते शोधायचं. ज्यांनी असं काम केलेलं नाही त्यांना वाटतं, यात काय, बसून वाचायचं तर आहे. दोन वर्षं लागली, तरी काम संपलं नाही.

संपलं नाही, कारण भांडण झालं. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचं नाव कसं यावं यावरून लॅनमन यांच्याशी कोसंबींचं जमेना. आपण राबायचं आणि श्रेय मात्र मेलेल्या आणि जिवंत अमेरिकी पंडितांत वाटलं जायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. प्राध्यापकी करणाऱ्या प्रत्येकाला हे भांडण ओळखीचं वाटेल, देश कुठलाही असो. १९१२ साली ते काम तसंच टाकून परत आले.

आणि इथून पुढची सहा वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात शांत वाटतात. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवत होते. पाली हा विषय तेव्हा आपल्याकडे नवाच. विद्यार्थी थोडे, पण कसे! पु. वि. बापट, ना. के. भागवत ही पुढे पालीतली मोठी नावं झाली. आणि चिं. वि. जोशी. हो, तेच चिमणराव-गुंड्याभाऊवाले. आपण ज्यांची पुस्तकं वाचनालयातून पळवून वाचली, ते पालीचे पंडित होते आणि कोसंबींचे विद्यार्थी होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. याच काळात, १९१४ साली, कोसंबींचं ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आलं. पन्नास रुपयांवर जे करायचं म्हणून ते आले होते, ते होऊ लागलं होतं. घर होतं, मुलं होती, मराठीत लिहिणं होतं, वर्गात ऐकणारी मुलं होती.

१९१८मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले.

का, हा प्रश्न मला या सगळ्या चरित्रात सर्वांत अवघड वाटतो. १८९९चं घर सोडणं समजतं. तरुण माणूस होता, वेड होतं, मागे काय ठेवून जातोय याचा पुरता अंदाज नसेल. १९१०चंही समजतं. पण १९१८ साली ते बेचाळिशीला आलेले, स्थिरावलेले, आणि जिथे जायचं तिथे काय होतं तेही पुरतं ठाऊक असलेले. ज्या माणसाशी बिनसलं त्याच्याच टेबलाशी पुन्हा बसायचं होतं. पैशाचा भाग असणार, मुलांच्या शिक्षणाचा तर होताच. माणिक आणि दामोदर या दोघांना त्यांनी सोबत नेलं. माणिक आता मोठी झाली होती. जिच्या जन्माच्या वर्षी बाप घर सोडून गेला तिलाच या वेळी त्याने आपल्याबरोबर नेलं, आणि ती तिथे रॅडक्लिफमध्ये शिकली. दामोदर अकरा वर्षांचा. तो केंब्रिजच्या शाळेत जाऊ लागला आणि चक्क बॉय स्काउट झाला.

पण मुलांचं शिक्षण हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मला वाटतं, ते अर्धं पडलेलं पुस्तक त्यांना बसू देत नव्हतं. त्या पोथ्या त्या लिप्यांतून वाचणारी आणि तो ग्रंथ आतून, साधना म्हणून जाणणारी माणसं त्या काळी किती असतील? आपण नाही केलं तर ते होणार नाही, असं एखादं काम माणसाला चिकटलं की घरचं सुख गोड लागत नाही.

बाळाबाई आणि धाकट्या मुली इथेच राहिल्या.

मी यंदा आईच्या आजारपणामुळे नऊ महिने घरी होते. इतकी सलग मी लग्नानंतर कधीच राहिले नव्हते. येत्या ऑगस्टला माझं सत्र सुरू होतंय, तिकीट काढलेलं आहे. मेळाव्यात तुमच्यातल्या निदान सहाजणांनी मला विचारलं, आता कशाला परत जातेस? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, आणि सगळी खरी होती. नोकरीची वर्षं, मुलाचं कॉलेज, अर्ध्यावर आलेले संशोधन करणारे दोन विद्यार्थी. आईने मात्र विचारलं नाही. तिने लोणच्याच्या बरण्या बांधायला घेतल्या. म्हणून बाळाबाईंबद्दल वाचताना मी थांबते. जाणाऱ्या माणसाची चरित्रं होतात, त्याच्या खेपा मोजल्या जातात. कोसंबींनी स्वतः ‘निवेदन’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झालं. मराठीतल्या प्रांजळ आत्मचरित्रांत ते मोडतं, जरूर वाचा. त्यात बाळाबाई येतात, पण त्यांना स्वतःला काय वाटलं ते नाही येत. ते कुठेच लिहिलेलं नाही.

१९२२ला कोसंबी परतले, ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात. दामोदर शाळेसाठी मागे राहिला आणि १९२४ला आला. १९२६च्या जानेवारीत बापलेक पुन्हा अमेरिकेला, ही तिसरी खेप. दामोदर हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९२९ला तिथला पदवीधर होऊन आला. त्याच सुमारास धर्मानंद रशियात होते. लेनिनग्राडला श्चेरबात्स्की या मोठ्या बौद्ध विद्वानाच्या संस्थेत त्यांना पालीसाठी बोलावलं होतं. समाजवादाचं आकर्षण त्यांना पहिल्या अमेरिका खेपेपासून होतं, तेव्हा हे निमंत्रण त्यांना गोड वाटलं असणार. थंडी मात्र मानवली नाही. १९३०ला परतले ते थेट मिठाच्या सत्याग्रहात. तुरुंगवास घडला. आणि तिथून सुटून, १९३१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, चौथ्यांदा हार्वर्ड! या वेळी १९३२पर्यंत राहून ‘विशुद्धिमार्गा’चं काम त्यांनी पुरं केलं. सुरुवातीपासून मोजलं तर बावीस वर्षं.

त्यानंतर ते परदेशी शिकवायला गेले नाहीत. काशी, सारनाथ, मुंबई असं फिरत राहिले. १९३७ साली परळला कामगारांच्या आणि दलितांच्या वस्तीत ‘बहुजन विहार’ उभा केला. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ आणि ‘भगवान बुद्ध’ ही त्यांची गाजलेली पुस्तकं याच वर्षांतली. बोलणं तिखट, मतं कुणालाच पूर्ण न रुचणारी. गांधीजींवर श्रद्धा आणि मार्क्सची ओढ, दोन्ही एकाच माणसात. शेवटी शरीर थकलं, दुसऱ्यांच्या सेवेवर जगणं नको वाटू लागलं, तेव्हा त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून उपवास थांबवलाही. पण ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी त्याच मार्गाने देह ठेवला. स्वातंत्र्याला अडीच महिने राहिले होते. गोव्याला तर अजून चौदा वर्षं.

‘विशुद्धिमार्गा’ची नागरी लिपीतली आवृत्ती त्यांच्या हयातीत, १९४०ला, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती छापून आली १९५० साली, ते गेल्यावर तीन वर्षांनी. ओरिएंटल सीरीजचा एकेचाळिसावा खंड. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरनचं नाव आहे, आणि त्याखाली संपादन तपासून सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबी यांचं. लॅनमन तोवर कधीच वारले होते. मी जिथे शिकवते तिथल्या ग्रंथालयात एक प्रत आहे, तळमजल्यावर. मागच्या बाजूला तारखांचे शिक्के मारायचा जुना कागद अजून चिकटवलेला आहे, आणि त्यावर शिक्के बरेच आहेत.