खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे मराठी कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

सुरुवातीचे जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. लहानखुऱ्या चणीच्या या मल्लाचा भर बळापेक्षा चपळाईवर आणि डावपेचांवर असे.

लंडन, १९४८

या स्पर्धेला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांची सारी कुस्ती तांबड्या मातीतली. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीत केले की कुस्ती संपते. मॅटवर मात्र ठरावीक वेळेत गुणांचाही हिशेब राखावा लागतो. हे तंत्र त्यांना अमेरिकी मल्ल रीस गार्डनर यांनी लंडनमध्येच शिकवले. इतक्या अपुऱ्या तयारीनिशीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते.

हेलसिंकी, १९५२

चार वर्षांनी प्रश्न पुन्हा पैशांचाच होता. गोळेश्वर परिसरातील लोकांनी वर्गणी जमवली; राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट (५७ किलो) गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले. इशीबरोबरच्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुन्हा मॅटवर उतरवण्यात आले आणि हरकत घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. या गटात इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

त्याच स्पर्धेत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकल्याने देशाचे लक्ष तिकडे अधिक होते. कराड परिसराने मात्र शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून आपल्या मल्लाचे स्वागत केले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लढवून पैसे मिळवले आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

उत्तरायुष्य

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना मुकावे लागले. पोलीस सेवेत बढतीसाठी त्यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली; सहायक पोलीस आयुक्तपद मिळाले ते निवृत्ती जवळ आल्यावर. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी भारताला पुढे १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत थांबावे लागले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.