ओसाड माळावरचे पक्षी आणि डॉ. सलीम अली

यंदाची सहल सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्यात न्यावी, असे घाटते आहे. त्या उघड्या-बोडक्या माळावर मुलांनी पाहायचे काय, असे काही पालकांनी विचारले. असाच प्रश्न ज्यांना आयुष्यभर ऐकावा लागला असेल, त्या डॉ. सलीम अलींची ही ओळख.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवले. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी गळ्याशी पिवळी दिसली. ही कोणती, हे विचारायला मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. साहेबांनी कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले आणि मुलगा पाखरांच्या नादी लागला तो कायमचाच.

पण नादाने पोट भरत नाही. ब्रह्मदेशातला खाणीचा धंदा बुडाला. मुंबईच्या म्युझियममध्ये मार्गदर्शकाची नोकरी मिळाली, ती पक्षिशास्त्र शिकायला जर्मनीला जाऊन 1930 साली परत येईपर्यंत गेली. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. हाताला काम नव्हते, पण दारात सुगरणीची घरटी होती! रोज तासन्‌तास बसून त्यांनी पाहिले, की नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. आपल्याकडे विहिरीवर लोंबणारी घरटी याच पाखराची. बेकारीच्या त्या दिवसांतच त्यांचे नाव झाले.

1939 साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. अलींनी पुन्हा लग्न केले नाही. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले.

पुढे कच्छच्या महारावांनी त्यांना आपल्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करायला बोलावले. कच्छच्या मोठ्या रणात रोहित पक्षी घरटी करतात, पण पाऊस पडून पाणी बेताचे साचले तरच. पाणी आटले तर पक्षी निघून जातात आणि चिखलात माणसाला चालता येत नाही. एप्रिल 1945 मध्ये वेळ साधून ते उंटावरून तिथे पोहोचले. चिखलाच्या ढिगांची लाखाहून अधिक घरटी त्यांनी अंदाजली. आधी नीट चौकशी आणि मगच प्रवास, ही त्यांची रीत सहल ठरवणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही घेण्यासारखी आहे.

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांचे मत होते. मोर सर्वांच्या परिचयाचा, माळढोक मात्र शिकारीने आणि माळ नांगरले गेल्याने संपत चाललेला. 1963 साली निवड मोराची झाली. सोलापूर-नगर भागातले अभयारण्य 1979 साली जाहीर झाले. 20 जून 1987 रोजी, नव्वदाव्या वर्षी, सलीम अलींचे निधन झाले.

आज नान्नजला माळढोक दिसणे फार अवघड आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. काळवीट, धाविक आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी दिसण्याची आशा आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी लागेल. भडक कपडे नकोत. घरी दुर्बीण असेल त्यांनी आणावी, नसेल त्यांना वर्गातली आळीपाळीने मिळेल.